हात न लावता

दिवाळी संपली त्याच आठवड्यात तात्याराव शेलारांनी बायकोला शब्द दिला, की ओट्याखालच्या उजव्या कपाटाला आपण यापुढे हात लावणार नाही. शब्द लेकीच्या देखत दिला होता, त्यामुळे तो नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणून झटकता येण्यासारखा नव्हता. त्या कपाटात गोडाधोडाचे डबे असत, आणि तात्यारावांच्या रक्तात साखर. दिवाळीत अनारशांचा डबा चार दिवसांत तळाला गेला, डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्मा काढला, आणि घरी येऊन नंदाबाईंनी शब्द मागितला.

नंदाबाईंना कपाटं सांभाळायची सवय होती. एका कॉलेजच्या परीक्षा विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. प्रश्नपत्रिकांचं कपाट त्यांच्या ताब्यात असे आणि एकतीस वर्षांत त्यातून चिटोरंही बाहेर गेलं नव्हतं. तात्याराव चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यांना डोळ्यांनी दिसतो, असं तिथली माणसं म्हणत. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. आता त्यांना दिसायला समोर फक्त टीव्ही होता.

डिसेंबरात लेकीला, पूर्वाला, तिच्या कंपनीने सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. तिचा विश्रांतवाडीचा फ्लॅट बंद झाला आणि बुंदी बिबवेवाडीला आजी-आजोबांकडे आली. बुंदी म्हणजे पूर्वाने रस्त्यावरून उचलून आणलेली गावठी कुत्री. वय तीन वर्षं. पांढऱ्या अंगावर पिवळट तपकिरी ठिपके, जणू कुणाच्या हातून झारा निसटला होता. विश्रांतवाडीत तिला मैदान होतं, तीन मित्र होते, संध्याकाळी पूर्वा होती. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर जेवून झोपणारी दोन माणसं होती.

चौथ्या दिवशी तिने तात्यारावांची डावी चप्पल खाल्ली. त्यांनी नवा जोड आणला, तर त्यातलीही डावीच खाल्ली. मग सोफ्याच्या एका उशीचा कापूस हॉलभर केला. कुकरची शिट्टी झाली, की तिला उत्तर दिलंच पाहिजे असं तिला वाटायचं, आणि इमारतीत चौदा कुकर होते. आठवड्याच्या आत लिफ्टमध्ये एक कागद चिकटला. खाली दुसऱ्या मजल्यावरच्या आप्पासाहेबांचं अक्षर सगळ्यांना माहीत होतं. 'तिसऱ्या मजल्यावरील कुत्र्याचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले आहे. ते पुन्हा पुन्हा सांगण्याची आवश्यकता नाही.'

पूर्वाला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं, तेव्हा ती चिडली नाही. तिचं म्हणणं, बुंदी वाईट वागत नाहीये, ती बोअर झालीय. तिच्या डोक्याला काम द्या. कुत्र्याला नुसतं फिरवून भागत नाही, त्याला शोधायला, उघडायला, विचार करायला काहीतरी लागतं. तिने कोड्याचं एक खेळणं मागवलं आणि ते दोन दिवसांत दारात आलं. निळ्या प्लॅस्टिकची थाळी, तिच्यात नऊ खळगे, त्यांवर सरकणारी झाकणं. खळग्यात खाऊ ठेवायचा आणि कुत्र्याने तो झाकणं सरकवून काढायचा. खोक्यावर लिहिलं होतं, की मध्यम हुशार कुत्र्याला वीस मिनिटं लागतात.

बुंदीने थाळीभोवती एक फेरी मारली, कड दातात धरली आणि थाळी उलटी केली. नऊच्या नऊ तुकडे जमिनीवर आले. सगळा मामला अकरा सेकंदांत आटोपला.

नंदाबाई हसल्या. तात्याराव हसले नाहीत. ते थाळी हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले. बुडाला वजन नाही, झाकणांना खाच उथळ, सगळं ढिलं. चूक कुत्र्याची नव्हती, डिझाइनची होती. चौतीस वर्षं त्यांनी कारखान्यात जी साधनं बनवली, त्यांचा एकच नियम होता. वापरणाऱ्याने ती चुकीच्या रीतीने वापरायची म्हटली, तरी वापरता येता कामा नयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता बाल्कनीत कानशीचा आवाज सुरू झाला. तीन वर्षं माळ्यावर पडलेली हत्यारांची पेटी खाली आली होती. गल्लीच्या तोंडाशी फर्निचरचं दुकान होतं, तिथून सागवानाचे उरलेसुरले तुकडे आले. दोन दिवसांत तात्यारावांनी सहा खळग्यांचा पाट बनवला, असा जड, की तो उलटा करायला बुंदीला शेजारपाजारचं कुणी बोलवावं लागलं असतं. झाकणं अशी सरकत, की नखाने ढकलली तर हलतील, दातांनी ओढली तर अडकतील. आत बिनमिठाचं उकडलेलं चिकन आणि गाजराचे तुकडे.

बुंदीला सतरा मिनिटं लागली. त्यानंतर ती पाटावरच हनुवटी टेकून दोन तास झोपली. मधे तीन कुकर झाले, तरी तिने कान हलवला नाही.

तात्यारावांना किती वर्षांनी कुणास ठाऊक, पण जेवणाच्या ताटावर काही सांगायचं होतं. त्यांनी नंदाबाईंना सांगितलं, की ती आधी मान वाकडी करून बघते, मग नाकाने चाचपते आणि मग पंजा घालते. पंजा नेहमी डावा. कुत्री डावखुरी आहे. चपलांचं कोडंही तेव्हाच सुटलं. नंदाबाईंनी भाजी वाढली आणि म्हणाल्या, की निदान उजव्या तरी वाचल्या.

मग एकामागून एक खेळ होत गेले. दोरी ओढून उघडायचा खण. आधी खुंटी उपसल्याशिवाय न उघडणारा खण. फिरणारी तबकडी, जिचं भोक खळग्यावर आलं तरच खाऊ दिसतो. पूर्वाने बजावलं होतं, की एकदम अवघड देऊ नका, नाहीतर तिचं डोकं फिरेल. एकदा तात्यारावांनी घाई केली, तर बुंदीने खरोखरच कोडं न सोडवता कोडंच खायला घेतलं. तेव्हापासून ते पायरीपायरीने जात. खाऊ जितका कोड्यात जाई तितका तिच्या जेवणातून कमी होई. सकाळ-संध्याकाळ तिला फिरवून आणण्याचं कामही त्यांनी आपल्याकडे घेतलं, कारण फिरताना त्यांना पुढच्या खेळाचं सुचायचं.

जानेवारी लागला आणि संक्रांत आली.

नंदाबाईंच्या गुळपोळ्या हा सांगून समजण्याचा विषय नव्हता. सकाळी तीळ आणि खसखस भाजल्याचा वास जिन्यात उतरायचा आणि लोक कामाशिवाय वर यायचे. त्या दिवशी तात्यारावांना डॉक्टरांना विचारून एक पोळी मिळाली. उरलेल्या एकोणीस कडीच्या डब्यात गेल्या आणि डबा ओट्याखालच्या उजव्या कपाटात.

तात्याराव स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बिनसाखरेचा चहा पीत होते. शेजारी बुंदी बसली होती. दोघंही कपाटाकडे बघत होती. त्या दाराला कुलूप नव्हतं, नुसतं लोहचुंबक आणि एक गोल लाकडी मूठ. बुंदीच्या खणाला दोरी होती. दोरीच्या जागी मूठ असती, तर तिने काय केलं असतं? हा प्रश्न तात्यारावांच्या डोक्यात निव्वळ तांत्रिक म्हणून आला, एवढं त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण पाठोपाठ दुसरा आला. आपण दिलेला शब्द नेमका काय होता? 'हात लावणार नाही.' तेवढाच. शब्द मोडायचा नाही हा शेलारांच्या घराण्याचा बाणा होता, पण शब्दाला वळसा घालायला घराण्यात कुणी मनाई केलेली नव्हती.

संध्याकाळी पूर्वाच्या जुन्या टेबलाची एक गोल मूठ निघून बुंदीच्या खणाला लागली.

तीन दिवसांत बुंदी मूठ दातात धरून खण ओढायला शिकली. आणखी दोन दिवसांत 'काढ' म्हटलं, की आतला कडीचा रिकामा डबा उचलून तात्यारावांच्या पायाशी आणून ठेवायला शिकली. प्रत्येक वेळी गाजराचा तुकडा. नंदाबाईंनी हा खेळ बघितला, कौतुक केलं आणि विचारलं, की डबाच का? तात्याराव म्हणाले, की कडी धरायला बरी पडते.

नंदाबाई सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी दुपारी हार्मोनियमच्या क्लासला जात. शुक्रवारी त्या गेल्या. खालचं फाटक वाजलं. तात्याराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "काढ."

बुंदीने मूठ धरली, दार उघडलं, डबा आणून ठेवला आणि गाजर मागितलं. डब्याबद्दल तात्यारावांनी काही शब्द दिलेला नव्हता. त्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या, वर साजूक तूप घालून, उभ्याउभ्या, डोळे मिटून.

मग कामाला लागले. डबा आडवा केला. पोळीचा चुरा कपाटासमोर नीट पसरला. बुंदी तो चाटायला आली, तेव्हा तिला पट्ट्याला धरून मागे घेतलं, कारण कुत्र्याला गोड चांगलं नाही. शेवटी तिला त्या सगळ्याच्या मध्यभागी बसवलं आणि स्वतः हॉलमध्ये जाऊन पेपर उघडला.

नंदाबाई आल्या. त्यांनी जमिनीकडे बघितलं, बुंदीकडे बघितलं. बुंदीने शेपूट हलवलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की गूळ आणि तूप कुत्र्याच्या पोटात जाणं बरं नव्हे, रिक्षा बोलवा, डॉक्टरकडे जाऊ. तात्याराव म्हणाले, की एवढं काय त्यात. नंदाबाई म्हणाल्या, की लेकीने विश्वासाने सोपवलेलं जनावर आहे.

प्राण्यांच्या डॉक्टर स्वराली तरुण होत्या आणि त्यांना सगळं तपशीलवार लिहून घ्यायची सवय होती. बुंदीच्या पोटावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, की किती खाल्ल्या.

"तीन," तात्याराव म्हणाले.

"पोळीत काय काय असतं? मनुका वगैरे नाही ना? त्या फार वाईट."

"नाही, नाही. गूळ, तीळ, खसखस. आणि वरून तूप."

"पोळ्या डब्यात कोरड्या होत्या," नंदाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर बघितलं. तात्यारावांनी भिंतीवरच्या मांजरांच्या तक्त्यात लक्ष घातलं आणि म्हणाले, की आपला तसा अंदाज होता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तापमान घेतलं, जे बुंदीला अजिबात आवडलं नाही, आणि रात्रीपर्यंत पोटाला विश्रांती द्यायला सांगितलं. नुसतं पाणी.

ती संध्याकाळ तात्यारावांना जड गेली. बुंदीच्या जेवणाची वेळ झाली, तशी ती ताटलीजवळ जाऊन बसली. मग ताटली तोंडात धरून त्यांच्यापाशी आणून ठेवली. मग त्यांच्या पायाच्या बोटांवर हनुवटी टेकून वर बघत राहिली. आरोप तिच्यावर होता आणि तिला तो ठाऊकही नव्हता. काही तरी हळूच द्यावं, तर नंदाबाई वाटाण्याच्या शेंगा घेऊन समोरच बसलेल्या, आणि एक-एक शेंग इतक्या सावकाश सोलत होत्या, की पाव किलो वाटाणे सोलायला दोन तास लागले. तात्यारावांनी स्वतःही रात्री जेवण नको म्हटलं. पोट जड आहे असं सांगितलं, आणि ते मात्र खरं होतं.

अंथरुणावर पडून त्यांनी ठरवलं, की हे पुन्हा नाही. म्हणजे पोळी पुन्हा नाही असं नव्हे. बुंदीवर आळ पुन्हा नाही. यापुढे जे होईल ते मागमूस न ठेवता होईल, एका वेळी एक पोळी, आणि सगळं जिथल्या तिथे.

सोमवारी नंदाबाई बाजारातून एक पितळी कडी-कोयंडा घेऊन आल्या. कुत्री फार शहाणी झालीय, कपाटाला कडी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आणि ती बसवायची तात्यारावांनी.

"मी कसा बसवणार? मी शब्द दिलाय," तात्याराव म्हणाले.

"आजच्या दिवसाची मोकळीक. तुमच्यासारखं काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

या स्तुतीत काही काळंबेरं आहे, हे त्यांना कळायला हवं होतं. पण टूलरूमच्या माणसाला कामाची स्तुती आणि गुळपोळी यांत कधी निवड करावी लागली नव्हती, इथे दोन्ही एकत्र मिळत होतं. नंदाबाईंनी पेन्सिलीने खूण केली होती, तिच्या दोन इंच खाली त्यांनी कडी बसवली. आतल्या अंगाने कानस मारून ती अशी हलकी केली, की खालून नाक लागलं तरी उचलली जावी. नंदाबाईंनी बघून म्हटलं, की जरा खाली बसलीय. तात्याराव म्हणाले, की तिथे लाकूड पक्कं आहे.

बाल्कनीत त्याच मापाची दुसरी कडी एका फळीवर बसली आणि बुंदीची शिकवणी सुरू झाली. नाकाने कडी वर, मूठ ओढून दार उघड, डबा बाहेर, आणि शेवटी नाकाने दार बंद. शेवटची पायरी शिकवायला चार दिवस गेले, कारण खाऊ बाहेर आल्यावर दार लावण्यात काय अर्थ आहे, हे तिला पटेना. तात्यारावांना तिचं म्हणणं समजत होतं. मग गाजर दार लावल्यावरच मिळेल असं केलं, आणि ते तिला ताबडतोब पटलं.

त्यानंतरचे दिवस तात्यारावांच्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत मोडतात. क्लास असेल त्या दिवशी फाटक वाजायचं, 'काढ' व्हायचं, डबा यायचा. एक पोळी जायची. तात्याराव झाकण लावून डबा लाटण्याच्या टोकाने आत सरकवायचे, बुंदी दार लावायची, आणि तात्याराव त्याच लाटण्याने कडी खाली पाडायचे. हात कुठेही लागायचा नाही. बुधवारी बुंदीला चव्वेचाळीस सेकंद लागले, शुक्रवारी एकतीस. यंदाचा गूळ थोडा कमी गोड निघाला असावा, असं त्यांना दोन-तीनदा वाटलं. तीळ मात्र जास्त होते आणि एक वेगळाच खमंगपणा होता, जो त्यांना मनापासून आवडला. पण ही तारीफ करायची कुणाकडे?

जिन्यात एकदा आप्पासाहेब भेटले आणि चक्क थांबले. "कुत्रं गुणी आहे हो तुमचं," म्हणाले, आणि बुंदीच्या डोक्यावर हात ठेवला. लिफ्टमधला कागदही गेला होता. तात्याराव म्हणाले, की डोक्याला काम मिळालं की जनावर शांत होतं. हे ते अलीकडे सगळ्यांना सांगत.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी नंदाबाई नेहमीप्रमाणे निघाल्या. फाटक वाजलं. बुंदीने अठ्ठावीस सेकंदांत डबा आणून ठेवला. तात्यारावांनी तो उचलला आणि त्यांना तो हलका लागला. झाकण उघडलं. आत पोळी नव्हती. साखर तपासायचं त्यांचं यंत्र होतं, जे दिवाळीपासून त्यांनी मुद्दाम कुठेतरी विसरून ठेवलं होतं. सोबत पट्ट्यांची डबी आणि एक घडी केलेला कागद. कागदावर परीक्षा विभागाचं गोल, सरळ अक्षर.

'सूचना. १) आधी हात स्वच्छ धुवावेत. २) बोट टोचून साखर तपासावी. ३) आकडा याच कागदावर लिहावा. ४) खाडाखोड चालणार नाही.'

तात्याराव स्टुलावर बसले. पळून जाण्यासारखं कुठे काही नव्हतं. त्यांच्या मनात हिशोब सुरू झाला, पहिल्या दिवशीच्या तीन, मग प्रत्येक क्लासला एक. आता यंत्रावर काय दिसेल, याचा अंदाज त्यांना करवेना. दिवाळीतला डॉक्टरांचा चेहरा आठवला. बुंदी गाजराची वाट बघत होती. त्यांनी तिला गाजर दिलं, कारण तिची काही चूक नव्हती. मग हात धुतले आणि बोट टोचलं.

यंत्राने थोडा वेळ घेतला आणि आकडा दाखवला. एकशे अडतीस.

त्यांनी चष्मा पुसला. दुसरी पट्टी लावून दुसरं बोट टोचलं. एकशे चाळीस. दुपारचं जेवण होऊन दोन तास झाले होते. डॉक्टरांनी स्वप्नात मागितला असता असा आकडा होता. त्यांनी तो कागदावर लिहिला, हॉलमध्ये जाऊन आपल्या खुर्चीत बसले आणि त्यांना काही म्हणजे काही कळेना.

दाराला किल्ली लागली. नंदाबाई क्लासला गेल्याच नव्हत्या. खाली आप्पासाहेबांच्या बायकोशी गप्पा मारत बसल्या होत्या. त्यांनी चप्पल काढली, कागद घेतला, आकडा वाचला आणि मान डोलावली.

"कधी कळलं?" तात्यारावांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. कुत्रं खातं तेव्हा चुरा शिल्लक ठेवत नाही. आणि ठेवलाच, तर तो असा गोलाकार मांडून ठेवत नाही."

"मग डॉक्टरकडे कशाला नेलंस?"

"म्हटलं, तिथे तरी खरं बोलाल. बोललात की. तुपाचं बोललात." त्या समोर बसल्या. बुंदीला त्या रात्री उपाशी ठेवल्याचं मात्र आपल्यालाही वाईट वाटलं, असं त्या म्हणाल्या. तात्याराव झोपल्यावर तिला उठवून पोटभर चिकन घातलं होतं.

तात्याराव खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो त्यांना खरा सलत होता. कळलं होतं, तर इतके दिवस चालू का दिलं?

 नंदाबाईंनी हातातला कागद घडी करून पुन्हा उघडला.

"तीन वर्षं तुम्ही या खुर्चीत बसून होता. टीव्ही बंद असला तरी टीव्हीकडे बघत. मी क्लासहून यायचे, तेव्हा दिवासुद्धा लावलेला नसायचा. आता सकाळी सहाला कानस सुरू होते. दोन वेळा कुत्र्याला घेऊन फिरता. जेवताना बोलता. मी म्हटलं, चोरी चालू राहू दे, माल तेवढा बदलू."

माल बदलल्याची हकिकत अशी होती. डॉक्टरकडून आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी नव्या पोळ्या केल्या. भाजलेलं बेसन, भरपूर तीळ, खसखस, दाण्याचं कूट, आणि गूळ म्हणाल तर वासापुरता. डब्यात त्या गेल्या. तात्याराव इतके दिवस लपूनछपून, कुत्र्याला शिकवून, लाटण्याने कडी पाडून, पथ्याचं खात होते.

"आणि खऱ्या?"

"त्या खाली दिल्या."

"खाली म्हणजे आप्पासाहेबांना? सगळ्या?"

"सोळा होत्या. लिफ्टमधला कागद उगाच निघाला का?"

साखरेचा आकडा, पकडलं जाणं, हे सगळं तात्यारावांनी पचवलं असतं. पण आप्पासाहेबांनी सोळा गुळपोळ्या खाल्ल्या आणि जिन्यात उभं राहून श्रेय कुत्र्याला दिलं, हे त्यांना लागलं. ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. नंदाबाईंकडे बघितलं. त्यांनी चेहरा सरळ ठेवला होता, परीक्षा विभागात ठेवत असतील तसा, पण पदराचं टोक तोंडाकडे जाऊ लागलं होतं. मग तात्यारावांनाच आधी हसू फुटलं. दोघं इतकी हसली, की नंदाबाईंना पाणी प्यावं लागलं. हसता हसता त्यांनी आणखी एक कबूल केलं. तात्याराव दुपारी झोपले, की त्याही बुंदीला कोडी घालत. तीन वाट्या पालथ्या घालून एकीखाली चपातीचा तुकडा. म्हणजे कुत्री दोन्हीकडून पगार घेत होती आणि एकाचं दुसऱ्याला कळू देत नव्हती.

तेव्हा तात्यारावांच्या लक्षात आलं, की बऱ्याच वेळात बुंदीचा आवाज नाही. ती जागी असताना घरात इतकी शांतता बरी नव्हे, हे आता दोघांनाही कळत होतं.

फ्रिजचं दार सताड उघडं होतं. मुठीला अडकवलेलं हात पुसायचं फडकं खाली पडलं होतं. ते ओढूनच दार उघडलेलं दिसत होतं. चार दिवसांचं उकडलेलं चिकन ज्या भांड्यात होतं, ते भांडं जमिनीवर स्वच्छ चकाकत होतं आणि आजूबाजूला एक कणही नव्हता. बुंदी आता खालच्या भाजीच्या खणापाशी आली होती आणि मान वाकडी करून बघत होती.

"हे तुम्ही शिकवलंत?" नंदाबाई म्हणाल्या.

"मी नाही. मला वाटलं तू."

"मी कशाला शिकवीन?"

दोघांनी एकमेकांकडे संशयाने बघितलं. दोघंही खरं बोलत होती. बुंदीने डावा पंजा खणाच्या कडेत घातला, खण ओढला, त्यातून एक अख्खं गाजर काढलं आणि दोघांच्या मधोमध बसून खाऊ लागली.

संध्याकाळी तात्याराव हार्डवेअरच्या दुकानात जाऊन फ्रिजसाठी एक खटका घेऊन आले. या वेळी खूण नंदाबाईंनी केली, चांगली खांद्याइतकी वर, आणि तात्यारावांनी मुकाट्याने तिथेच भोक पाडलं. नंदाबाई खटका धरून उभ्या राहिल्या, तात्याराव स्क्रू पिळू लागले. बुंदी हातभर अंतरावर बसली होती. तिसरा स्क्रू आवळून होईपर्यंत तिने नजर एकदाही हलवली नाही.